सोसायटीत डिश बसवायचीय? परवानगी, जागा, गळती आणि भांडणं, सगळं एका जागी

नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलात, घरात आईवडील आहेत, त्यांना मोबाईलवरच्या ॲपपेक्षा रिमोटवरचं चॅनल सोपं पडतं, म्हणून डीटीएच घ्यायचं ठरवलं. कंपनीला फोन केला, "उद्या माणूस येईल" म्हणाले. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात, कारण तो माणूस येतो, वॉचमनकडून गच्चीची चावी घेतो, त्याला सिग्नल मिळेल तिथे भोक पाडतो आणि अर्ध्या तासात निघून जातो, मग संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन येतो की डिश काढा. मी यातून फ्लॅटधारक म्हणून गेलोय आणि नंतर कमिटीत बसून दुसऱ्या बाजूनेही हेच बघितलंय. माझं ठाम मत झालंय की आधी लेखी परवानगी, तीही नेमक्या जागेसकट, एवढं एक केलं तरी बरंच भांडण उभंच राहत नाही.

खालचं सगळं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांना धरून लिहिलंय. गोव्यात २००१ चा वेगळा सहकार कायदा आहे, तिथल्यांनी कायद्याचा भाग आपल्या इथल्या जाणकाराकडून तपासून घ्या, डिशचं तंत्र मात्र तेच.

१. गच्ची कोणाची हे आधी समजून घ्या

"मी मेंटेनन्स भरतो, गच्ची माझीपण आहे" हे बरोबर आहे, पण ती तुमच्या एकट्याची नाही. गच्ची, बाहेरच्या भिंती, जिना, डक्ट हे सगळं सामायिक. तुमच्या खिडकीच्या बाहेरची भिंतसुद्धा सामायिकच धरतात, हे खूप जणांना माहीत नसतं आणि ते म्हणतात माझ्या भिंतीला लावली, तुम्हाला काय त्रास. उलट बाजूने, वरच्या मजल्यावरचे लोक म्हणतात आमच्या डोक्यावरची गच्ची आमची, तेही खरं नाही, ॲग्रीमेंटमध्ये एखादा टेरेसचा तुकडा स्पष्टपणे त्यांच्या फ्लॅटला जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पहिलं काम, आपलं ॲग्रीमेंट काढून वाचा.

दुसरं काम, तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट ते बघा. सोसायटी असेल तर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि तुमचे उपविधी म्हणजे बायलॉज लागू. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे वेगळं प्रकरण आलंय. अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आणि तुमचं डीड ऑफ डिक्लरेशन. बायलॉजची कॉपी सेक्रेटरींकडे मागा, सभासदाला ती फी भरून मिळते.

एक सापळा इथेच सांगतो. नेटवर शोधलं की "एक मीटरपर्यंतची डिश लावायला कोणी अडवू शकत नाही" असं काहीतरी सापडतं आणि लोक ते प्रिंट काढून कमिटीपुढे ठेवतात. तो अमेरिकेतला नियम आहे, तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने १९९६ मध्ये केलेला, तो इथे चालत नाही. आणि तिथेही तो फक्त तुमच्या एकट्याच्या ताब्यातल्या जागेपुरता आहे, म्हणजे तुमची बाल्कनी, तुमचा पॅटिओ. सामायिक छत आणि बाहेरची भिंत त्यात येत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनीही हे लक्षात ठेवा.

२. कुठली कंपनी घ्यायची हे दिशा बघून ठरवा

हा मुद्दा कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण यावर तुम्हाला गच्चीची गरज आहे की नाही तेच ठरतं.

सगळ्या डीटीएच कंपन्यांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, पण वेगवेगळ्या रेखांशांवर आहेत. टाटा प्ले ८३ अंश पूर्व, डीटूएच ८८, डीडी फ्री डिश ९३.५, डिश टीव्ही ९५, आणि एअरटेल १०८. मुंबई साधारण ७३ वर आहे, म्हणजे हे सगळे आपल्याला दक्षिण आणि पूर्व यांच्या मधे दिसतात. मुंबई-ठाण्यातून टाटा प्लेचा उपग्रह दक्षिणेकडून थोडा पूर्वेला आणि बराच वर, जमिनीपासून साधारण ६५ अंशांवर. एअरटेलचा जास्त पूर्वेकडे आणि खाली, साधारण ४४ अंशांवर. बाकीचे या दोघांच्या मधे. नागपूरकडे सगळंच आणखी दक्षिणेकडे सरकतं, टाटा प्ले तर जवळपास सरळ दक्षिणेला येतं.

याचा उपयोग असा. तुमची बाल्कनी पूर्वेला किंवा आग्नेयेला असेल आणि समोर उंच इमारत नसेल तर खाली दिसणारा उपग्रह बाल्कनीच्या आतूनच मिळू शकतो, कारण वरच्या बाल्कनीचा स्लॅब कमी आडवा येतो. ६५ अंशांवाल्याला मात्र तोच स्लॅब अडवतो, मग डिश ग्रीलच्या बाहेर काढावी लागते आणि पुन्हा भिंत-बाहेर-परवानगी सुरू. उलट समोर टॉवर उभा असेल तर उंचावरचा उपग्रहच बरा. गच्चीवर दहा फूट उंच पाण्याची टाकी त्या दिशेला असेल तर टाटा प्लेसाठी डिश टाकीपासून सहा फूट मागे घेतली तरी चालतं, एअरटेलसाठी बारा फूट तरी मागे जायला लागेल.

मोबाईलवरचा होकायंत्र उघडा, बाल्कनीत उभे राहा (लोखंडी ग्रीलपासून लांब, नाहीतर सुई चुकते) आणि बघा. बाल्कनी पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल तर विषय संपला, गच्चीच लागणार. डिशची तबकडी जवळजवळ उभी दिसते तरी ती बऱ्याच वर बघत असते, तिची रचनाच तशी आहे, त्यामुळे नुसत्या नजरेने अंदाज घेऊ नका.

३. कागद जमवा

- अर्ज, दोन प्रती (एकीवर पोच घ्यायला)
- शेअर सर्टिफिकेट किंवा इंडेक्स टू ची (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा) झेरॉक्स
- मेंटेनन्सची शेवटची पावती, कारण थकबाकी असेल तर पहिलं बोलणं त्यावरच येतं
- गच्चीवरच्या जागेचा फोटो, त्यावर कुठे डिश आणि कुठून केबल ते पेनाने दाखवलेलं
- भाडेकरू असाल तर भाडेकराराची कॉपी आणि मालकाचं संमतीपत्र

भाडेकरूंसाठी दोन शब्द जास्त. अर्ज मालकाच्या नावाने गेलेला बरा, कारण कमिटीचं नातं सभासदाशी असतं, आणि मालक परगावी असेल तर त्याच्याकडून ईमेलवर संमती घेऊन जोडा. मालक राहत नसल्याबद्दल जो नॉन ऑक्युपन्सी चार्ज लागतो तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि तो मालकाचा विषय आहे. "भाडेकरूची डिश" म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर जनरल बॉडीचा ठराव दाखवा म्हणावं.

४. अर्ज असा लिहा

साधा, छोटा, पण चार गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत: जागा, कसं बसवणार, नुकसान झालं तर कोण भरणार, आणि कधी काढणार. मी लोकांना हा मजकूर देतो:

"मा. सचिव, ... सहकारी गृहनिर्माण संस्था. विषय: गच्चीवर डीटीएच डिश बसवण्याची परवानगी. महोदय, मी फ्लॅट क्र. ... चा सभासद असून सोबतच्या फोटोत दाखवलेल्या जागी एक डिश बसवू इच्छितो. डिश उभ्या भिंतीला / वजन ठेवलेल्या स्टँडवर बसवली जाईल, गच्चीच्या फरशीला किंवा स्लॅबला भोक पाडलं जाणार नाही. केबल संस्था सांगेल त्या डक्टमधून नेली जाईल व दोन्ही टोकांना फ्लॅट नंबर लावला जाईल. या कामामुळे काही नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च मी करेन. वॉटरप्रूफिंग किंवा इतर कामासाठी संस्थेने लेखी कळवल्यास डिश स्वखर्चाने हलवेन. कृपया कमिटीच्या पुढील सभेत निर्णय घेऊन लेखी कळवावे."

ही "हलवेन" ची ओळ लोकांना आवडत नाही पण तीच ओळ कमिटीला निर्धास्त करते. दर काही वर्षांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघतंच आणि तेव्हा कुठली डिश कोणाची हेच कळत नाही, काम थांबतं, कंत्राटदार ओरडतो, मग चिडलेला कोणीतरी केबल कापून टाकतो.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. सही, तारीख, शिक्का. सेक्रेटरी शेजारी राहतात, रोज चहाला भेटतात, तरीही घ्या. "हो हो लावा" हे तोंडी उत्तर कमिटी बदलली की संपतं. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्या लेखी अर्जावर कमिटीने येणाऱ्या सभेत निर्णय घ्यायचा असतो आणि त्यानंतर १५ दिवसांत कळवायचं असतं. तुमच्या सोसायटीने कुठले बायलॉज स्वीकारलेत ते मात्र तपासा.

५. कमिटी नाही म्हणते ते का, हे ऐकून घ्या

सगळ्यात मोठं खरं कारण म्हणजे गळती. गच्चीवर वर चायना मोझॅक, खाली विटांचा कोबा, त्याखाली स्लॅब असतो. ड्रिलने मोझॅक आणि कोबा फोडून फास्टनर ठोकला की पाण्याला रस्ता मिळाला. आत गेलेलं पाणी कोब्यातून पसरत जातं आणि भोकापासून बऱ्याच लांब, भलत्याच बेडरूममध्ये टपकतं, त्यामुळे दोष कोणाचा ते सिद्ध करता येत नाही. गच्चीच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, म्हणजे एका भोकाचे पैसे सगळे भरतात आणि ओल सगळ्यात वरच्या मजल्यावरचं कुटुंब सोसतं. त्या काकू तुमच्या डिशला विरोध करतात तेव्हा त्यांच्या छताकडे एकदा जाऊन बघा.

दुसरं वारा. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ ज्यांनी कोकणात, मुंबईत अनुभवलं त्यांना वेगळं सांगायला नको. तबकडी वारा पकडते, आणि कठड्याच्या बाहेरच्या बाजूला लावलेली सैल डिश खाली कोणाच्या डोक्यावर पडू शकते. डिश कायम कठड्याच्या आत.

तिसरं नवीन आहे, सोलर. २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आल्यापासून सोसायट्या लिफ्ट, पंप, जिन्याच्या दिव्यांसाठी पॅनल लावायला लागल्या, सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये सबसिडी आहे. पॅनलला दक्षिणेचं ऊन हवं आणि डिशलाही दक्षिण-पूर्वच हवी, त्यामुळे दोघांचं भांडण एकाच कोपऱ्यासाठी. डिशची छोटी सावलीसुद्धा पॅनलची वीज कमी करते. तुमच्याकडे सोलरचं बोलणं चालू असेल तर आधी त्यांचा लेआऊट मागा आणि डिश जिन्याच्या केबिनच्या भिंतीला न्या.

आता खोटी कारणंही असतात. ठरलेला केबलवालाच घ्या असा दबाव, किंवा पावती न देता "टेरेस चार्ज" मागणं. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका आणि नकार असेल तर कारणासकट लेखी द्या एवढंच शांतपणे म्हणा. भांडायला जाऊ नका, लेखी मागितलं की निम्मे नकार विरघळतात.

६. बसवायच्या दिवशी स्वतः गच्चीवर उभे राहा

इन्स्टॉलरला दिवसाला बरीच कामं उरकायची असतात, त्याच्यावर सोडू नका. परवानगीचं पत्र हातात ठेवा आणि हे बघा:

फरशीत ड्रिल नाही म्हणजे नाही. उभ्या भिंतीत फास्टनर, किंवा स्टँडवर काँक्रीटचे ब्लॉक ठेवून. स्टँडखाली रबराचा तुकडा टाका, मोझॅक फुटत नाही. पाण्याची टाकी, लिफ्ट मशीन रूमचं दार, आगीच्या वेळी थांबायची रेफ्युज जागा, वीजरोधकाची पट्टी, फायरचा पाईप, यांना डिश किंवा केबल बांधायची नाही, आणि डिश वीजरोधकाच्या टोकापेक्षा उंच जाता कामा नये.

केबल आरजी-६ या प्रकारचीच घ्या आणि मधे जोड नको. अंतर फार झालं की सिग्नल कमी होतो, तळमजल्यावर राहत असाल तर हे आधीच इन्स्टॉलरला सांगा. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोल सोडायचा, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोलावरून खाली टपकतं, केबलवरून घरात येत नाही. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं आणि सिलंटने बंद. डिशच्या पुढे दांडीवर सिग्नल पकडणारा जो भाग असतो, म्हणजे एलएनबी, त्यावरच्या कनेक्टरला वॉटरप्रूफ टेप.

घरात दोन-तीन टीव्ही असतील तर दोन-तीन डिश लावू नका. ट्विन एलएनबीला दोन आणि क्वाडला चार कनेक्शन एकाच तबकडीवर निघतात, म्हणजे एकाच कंपनीचं घेणारे चार शेजारीही एक डिश वाटून घेऊ शकतात. हे कोणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

काम झाल्यावर फोटो काढा, डिशचा, भोकांचा, केबलच्या मार्गाचा, आणि सेक्रेटरींना पाठवा. पुढे गळतीचा आरोप आला तर हेच फोटो तुमच्या बाजूने बोलतात.

७. तरीही वाद झाला तर पायऱ्या

पायऱ्या सोडून उडी मारू नका, कारण पुढचा अधिकारी आधी विचारतो की आधीचं काय केलं.

पहिली पायरी कमिटीला लेखी तक्रार, पोच घेऊन. दुसरी जनरल बॉडी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी येते, त्यामुळे विषय त्याच्या आधी देऊन ठेवा. तेवढं थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते.

तिसरी पायरी विषयावर अवलंबून. कमिटी कागद देत नाही, इतिवृत्ताची कॉपी देत नाही, सभा घेत नाही, तर सहकार खात्याचे उपनिबंधक. कमिटीचा किंवा जनरल बॉडीचा ठरावच तुम्हाला मान्य नाही, किंवा गळतीचा खर्च कोणाचा यावर वाद आहे, तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. लोक इथे चुकतात, उपनिबंधकाकडे महिनोन्महिने खेपा घालतात आणि शेवटी उत्तर मिळतं की हा आमचा विषय नाही. पोलिसात कधी? कोणी धमकी दिली, मारहाण केली, मुद्दाम डिश तोडली तर. नुसत्या परवानगीच्या वादात पोलीस पडत नाहीत.

केबल कापलेली सापडली तर ओरडाआरडा करायच्या आधी कापलेल्या टोकांचे फोटो, तारीख, वेळ, वॉचमनला विचारणा, आणि त्याच दिवशी कमिटीला पत्र. बऱ्याचदा ती वॉटरप्रूफिंगच्या मजुराने कापलेली निघते.

आणि चूक इन्स्टॉलरची असेल, म्हणजे तुम्ही नाही म्हणत असताना त्याने स्लॅब फोडला, तर तो वाद तुमचा आणि कंपनीचा. तक्रार नंबर घ्या, मग कंपनीचा नोडल अधिकारी, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, आणि नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग.

८. कमिटीत असाल तर हे करा

एकेकाला परवानगी देत बसण्यापेक्षा जनरल बॉडीत एकदाच नियम करून घ्या. जिन्याच्या केबिनच्या भिंतीला लोखंडी अँगलची एक सामायिक फ्रेम सोसायटीनेच बसवायची, सगळ्या डिश तिथेच, एकच डक्ट, प्रत्येक केबलला फ्लॅट नंबर. मोठी सोसायटी असेल तर एकाच डिशवरून सगळ्या घरांना सिग्नल देणारी व्यवस्थाही डीटीएच कंपन्या करून देतात, रीडेव्हलपमेंट चालू असेल तर बिल्डरकडून तिचं वायरिंग आत्ताच टाकून घ्या, नंतर भिंती फोडाव्या लागतात.

बंद पडलेल्या डिशचं काय करायचं तेही नियमात लिहा. लोक फायबरवर गेले, डिश तशीच गंजत राहिली, कोणाची ते माहीत नाही. फोटोसकट नोटीस बोर्डावर लावायचं, ठरलेली मुदत द्यायची, मग पंचनामा करून काढायचं. न विचारता काढू नका, ती कोणाची तरी वस्तू आहे. आणि नियमात फक्त "डीटीएच" असं लिहू नका, उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटचेही अँटेना येऊ घातलेत, स्टारलिंकला २०२५ मध्ये परवाना मिळालाय, त्या अँटेनाला एका दिशेपेक्षा मोकळं आभाळ जास्त लागतं.

९. घर सोडताना

डिश, स्टँड, केबल सगळं काढा, नुसता बॉक्स घेऊन जाऊ नका. भोकं वॉटरप्रूफ सिमेंटने भरून त्यांचा फोटो घ्या, सेक्रेटरींकडून "डिश काढली, जागा पूर्ववत केली" अशी दोन ओळींची सही घ्या, आणि तुम्ही भाडेकरू असाल तर ती कॉपी डिपॉझिट परत मागताना मालकाला द्या.